एमएम ५४०: पुढच्या डिफरन्शियलच्या नोंदी

२२ सप्टेंबर २०२४

गाडी कोल्हापुरात आली. महिंद्रा एमएम ५४०, डिझेल, २५२३ सीसीचं डायरेक्ट इंजेक्शन इंजिन. बॉडी ठीक आहे, चेसिसला मागच्या शॅकलपाशी जुनं वेल्डिंग आहे, पण सरळ. खाली वाकून बघितलं तर पुढच्या ॲक्सलला ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्टच नाही. ट्रान्सफर केसच्या (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या डब्याच्या) तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून तारेनं बांधलेली.

आधीच्या मालकाला फोन केला. म्हणाला, "फोर बाय फोर लावलं की गाडी जड होत होती, म्हणून काढून ठेवला." शाफ्ट मात्र मागच्या सीटखाली होता आणि त्याच्या सांध्यांतले क्रॉस चांगले निघाले. शाफ्ट शाबूत असून गाडी जड होते, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं आपसात जमत नाही. आज एवढंच, अंधार पडला.

२९ सप्टेंबर

डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलवरचा गिअरांचा डबा, न उघडता त्याचं गुणोत्तर काढता येतं. एक चाक जमिनीवर, एक जॅकवर, गाडी न्यूट्रल. उचललेलं चाक दोन पूर्ण फेरे फिरवायचं. दुसरं चाक थांबलेलं असल्यानं तेवढ्यात क्राउनचा, म्हणजे आतल्या मोठ्या गिअरचा, एक फेरा होतो. क्राउनला फिरवणारा लहान गिअर म्हणजे पिनियन. त्याच्या योकवर (शाफ्ट जोडायच्या तोंडावर) खडूची रेघ मारून तो किती फिरला ते मोजायचं. पुढच्या बाजूला हब (चाक शाफ्टला जोडणारा भाग) लॉक करायला विसरायचं नाही, नाहीतर चाक नुसतंच फिरतं आणि योक ढिम्म हलत नाही.

मागे: पाच फेऱ्यांना थोडा कमी. पुढे: पाच फेरे पूर्ण होऊन वर एक तृतीयांशापेक्षा जरा जास्त.

तेल काढून पुढचं कव्हर उघडलं. क्राउनला ४३ दात, पिनियनला ८. म्हणजे ५.३७५, ज्याला सगळे ५.३८ म्हणतात. मागे ३९/८, म्हणजे ४.८७५, बोलीत ४.८८. कोणीतरी मागचा क्राउन-पिनियन बदलला आणि पुढचा तसाच ठेवला.

हिशेब सोपा आहे. ट्रान्सफर केसमधून दोन्ही शाफ्ट सारखेच फिरतात. मागची चाकं १०० मीटर चालतात तेव्हा पुढच्यांना साधारण ९१ मीटरच चालायचं असतं. उरलेले नऊ मीटर पुढचे टायर घासत जातात, किंवा जमीन कडक असेल तर तो ताण शाफ्ट, क्रॉस आणि ट्रान्सफर केसच्या गिअरांत साठत जातो. चिखलात टायर घसरून ताण मोकळा होतो, डांबरावर होत नाही. मालकाला जे 'जड' वाटत होतं ते हेच. इंजिन मागच्या चाकांनी ढकलत होतं आणि पुढची चाकं ब्रेक लावून बसली होती.

आमच्याकडे फोर बाय फोर ट्रॅक्टर वापरणाऱ्यांना यातली अर्धी गोष्ट माहीत असते. ट्रॅक्टरची पुढची चाकं मुद्दाम एक ते पाच टक्के जास्त पळतील अशी ठेवतात, म्हणजे ती ओढत राहतात. कमी पळणारी पुढची चाकं मात्र कुठल्याच यंत्राला चालत नाहीत, आणि इथे ती नऊ टक्क्यांनी कमी होती. जीपला दोन्हीकडे सारखंच हवं.

६ ऑक्टोबर

पर्याय मांडून बसलो.

पहिला: मागचा परत ४३/८ करायचा. विलीज या मूळ जीपवाल्या अमेरिकन कंपनीच्या सीजे-३बी ला मागचा ॲक्सल स्पायसर ४४ आणि पुढचा त्याहून लहान, स्पायसर २५. तोच वारसा इथे आहे. त्यामुळे मागचा सेट पुढे बसत नाही आणि पुढचा मागे. दातांची संख्या सारखी असली तरी मापं वेगळी. दुकानात 'जीपचा क्राउन-पिनियन' म्हणून मागितलं की हमखास मागचाच हातात देतात.

दुसरा: पुढचा ३९/८ करायचा.

तिसरा: पूर्ण पुढचा ॲक्सलच एखाद्या नंतरच्या गाडीचा, डिस्क ब्रेकसकट. ऐकायला छान वाटतं. पण आपल्या जीपमध्ये ट्रान्सफर केसचं पुढचं तोंड उजवीकडे सरकलेलं आहे, म्हणून डिफरन्शियलही मध्यावर नसून उजवीकडे आहे. दुसऱ्या गाडीचा ॲक्सल घेतला तर शाफ्टचा कोन, पाट्यांच्या बैठका, ट्रॅक रॉड, सगळंच नव्यानं करावं लागेल. त्यावर आरटीओचा प्रश्न वेगळा, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाही. हा पर्याय खोडला.

आता पहिला की दुसरा? इथे इतिहासाची मजा आहे. दुसऱ्या महायुद्धातली विलीजची लष्करी जीप ४.८८ ची होती. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये सीजे-२ए ही नागरी जीप आली ती शेतकऱ्याला नांगर ओढायला म्हणून, तिला ५.३८ दिला. पुढे महिंद्राच्या जीपकडे आलेला वारसा त्या शेतीच्या जीपचा. म्हणजे ही दोन गुणोत्तरं दोन वेगळ्या कामांसाठी जन्मलेली आहेत, एक चांगलं आणि एक वाईट असं नाही.

माझे टायर २३५/७५ आर १५ आहेत, व्यास साधारण ७३३ मिलिमीटर. टॉप गिअर सरळ एकास एक. ५.३८ ला ताशी ६० किलोमीटरवर इंजिन २३३० च्या आसपास, ८० वर ३११० फिरतं. ४.८८ ला हेच २११५ आणि २८२०. हे इंजिन ३००० च्या पुढे नुसतं ओरडतं, काम करत नाही. कोल्हापूर ते गगनबावडा रस्ता ५५ किलोमीटरचा, पुढे शेतात तीन-चार किलोमीटर. गाडीचं जास्त आयुष्य रस्त्यावरच जाणार आहे.

लो रेंजमध्ये (ट्रान्सफर केसच्या हळू, जोराच्या गिअरमध्ये) ४.८८ ला नऊ टक्के जोर कमी मिळेल, ते मान्य. पण ३१ इंची टायर लावायचे असते तर मी उलट निर्णय घेतला असता. त्या टायरवर ४.८८ हा ४.५४ सारखा वागतो आणि चढाला क्लच जाळतो, तर ५.३८ हा ५.०१ सारखा, म्हणजे मधला. टायर ठरल्याशिवाय क्राउन-पिनियन ठरवू नये. बहुतेक जण उलट करतात, कारण टायर दिसतात.

आणखी एक मुद्दा. दोन्हीत पिनियनला आठच दात, क्राउनचा व्यास जवळपास तोच. मग ५.३८ चा पिनियन अंगानं लहान असतो आणि दात बारीक. पुढच्या लहान ॲक्सलला तेवढीच मजबुती ४.८८ मध्ये जास्त.

ठरलं: पुढचा ३९/८.

१३ ऑक्टोबर

काल दसरा. परवा खंडेनवमीला गॅरेजमध्ये पाने, जॅक, वेल्डिंग मशीन सगळ्याला हळदकुंकू लागलं, त्यामुळे काम बंद आणि गप्पा सुरू. विषय एकच: उघडतोच आहेस तर डिफरन्शियल लॉक का करत नाहीस, म्हणजे दोन्ही चाकं कायम बरोबर फिरतील?

एकाचा सल्ला, "स्पायडर गिअर वेल्ड करून टाक भावा, कुठूनबी निघंल." स्पायडर म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे आतले छोटे गिअर. हा आपल्याकडचा सगळ्यात स्वस्त लॉकर. त्याच्या बाजूनं एक गोष्ट खरी आहे: हब उघडे ठेवले तर रस्त्यावर पुढचं डिफरन्शियल फिरतच नाही, त्यामुळे वेल्ड केलेलं कळतही नाही. मागचं वेल्ड केलं तर ते रोज कळतं.

तरीही मी करणार नाही, आणि कारण टॉर्कमध्ये आहे. ओपन डिफरन्शियल दोन्ही बाजूंना कायम सारखाच टॉर्क देतं. एक चाक हवेत असेल तर त्याला जवळपास शून्य लागतो, म्हणून दुसऱ्यालाही शून्य. गाडी अडकते ती यामुळेच. पण त्याच कारणानं कुठल्याही एका शाफ्टवर एकूण टॉर्कच्या निम्म्यापेक्षा जास्त येत नाही. लॉक केलं की पकड असलेल्या एका चाकावर सगळाच्या सगळा येऊ शकतो. पुढच्या बाजूला त्या शाफ्टच्या टोकाशी वळणारा जॉइंट आहे. माझ्या गाडीत क्रॉसवाला. स्टिअरिंग पूर्ण वळवून, चाक दगडात रुतवून, लो रेंजमध्ये क्लच सोडला तर पहिला बळी तो क्रॉस, दुसरा शाफ्टचा कान. डिफरन्शियल निवडताना मी डिफरन्शियलकडे कमी आणि त्या क्रॉसकडे जास्त बघतो आहे.

वळण्याचा हिशेब वेगळा. दोन चाकांत सव्वा मीटर अंतर धरलं, तर एक पूर्ण गोल फिरताना मागच्या आतल्या आणि बाहेरच्या चाकाच्या वाटेत पावणेआठ मीटरहून जास्त फरक पडतो, गोल लहान असो की मोठा. पुढच्या चाकांचा फरक थोडा कमी, पण असतोच. वेल्ड केलेल्या ॲक्सलला तो टायर घासूनच भरून काढावा लागतो, आणि तेही स्टिअरिंग ज्या चाकांना जोडलेलं आहे तिथे. ऊसवाल्यांच्या ट्रॅक्टरला टाचेखाली लॉकचं पेडल असतं. ते मागच्या चाकांचं असतं, आणि सरळ जातानाच दाबायचं, वळायच्या आधी सोडायचं, हे तिथे पोरंही सांगतात.

तिसरं कारण आमच्या जमिनीचं. गगनबावड्याकडचा लाल चिखल, आणि वाट आडव्या उतारावरून. ओपन ॲक्सलला एक चाक फिरतं तेव्हा दुसरं न फिरता बाजूची पकड धरून राहतं. लॉक केलेल्याची दोन्ही एकदम घसरतात आणि गाडीचं नाक उताराकडे निघतं.

यावर उत्तर आलं, गुरखा गाडीला तर दोन्हीकडे लॉक आहे. आहे. पुण्याच्या फोर्सनं ते सुरुवातीपासून त्या ॲक्सलसाठी आखलं, आणि ड्रायव्हर हवं तेव्हा लिव्हरनं लावतो-काढतो. वेल्डिंग काढता येत नाही. नव्या थारला पुढच्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून टॉर्क दुसरीकडे पाठवायचं काम इलेक्ट्रॉनिक्स करतं. जुन्या जीपला ते काम आपल्या उजव्या पायानं करावं लागतं, थोडंसं जमतंही.

पुढे ओपन. कधी लॉकर घेतलाच तर मागे, कारण चढाला वजन मागे जातं आणि तिथला ॲक्सल दांडगा आहे.

२७ ऑक्टोबर

जुन्या मालाचा बाजार. मिस्त्रींना बरोबर नेलं. निघताना त्यांचं एकच वाक्य: "आधी दात मोजायचे, मग पैसे मोजायचे."

पहिल्या ठिकाणी दुकानदारानं पिनियन दाखवून सांगितलं, आठ दात, म्हणजे ४.८८. पण पिनियनला दोन्हीत आठच असतात. क्राउन मोजल्याशिवाय काही कळत नाही, आणि कव्हरच्या बोल्टखालची पत्र्याची पट्टी, जिच्यावर गुणोत्तर ठोकलेलं असतं, ती जुन्या गाड्यांत कुणीतरी कधीच फेकलेली असते. क्राउन मोजला, ४३ निघाले.

दुसरीकडे ३९ होते, दात चकचकीत. पण क्राउनवर कोरलेला नंबर आणि पिनियनच्या तोंडावरचा नंबर वेगळा. क्राउन-पिनियन कारखान्यात जोडीनं घासून जुळवलेले असतात. वेगवेगळ्या जोड्यांतले एकत्र केले तर कितीही शिम (अंतर जुळवायची पातळ वॉशरं) लावा, आवाज जात नाही. दुकानदार म्हणाला, "चालतंय की, सगळेजण बसवतात." बसवत असतील.

तिसऱ्या दुकानात एका लिलावातल्या गाडीचा पुढचा पूर्ण ॲक्सल पडला होता. ३९ आणि ८, नंबर जुळलेले, दातांवर घासल्याच्या खुणाही फारशा नाहीत. पुढच्या डिफरन्शियलचं हे एक सुख आहे, बहुतेक गाड्यांत ते वर्षानुवर्षं नुसतंच बसून असतं. पण बसून राहण्याचाही रोग असतो. तेलाच्या पातळीच्या वरची बेअरिंगची बाजू उघडी राहते आणि दमट हवेत तिथे गंज धरतो. पिनियनच्या मागच्या बेअरिंगच्या रोलरवर खड्डे होते, नखाला लागत होते. बेअरिंगं बदलता येतात, दात बदलता येत नाहीत. भाव नव्या सेटच्या निम्म्यात ठरला, क्राउन ज्यावर बसतो त्या कॅरिअरसकट.

१९ नोव्हेंबर

उद्या विधानसभेचं मतदान, दुकानं बंद, म्हणून आजच उद्यमनगरातून पिनियनची दोन्ही बेअरिंगं, कॅरिअरची जोडी, पिनियनचं सील आणि शाफ्टची आतली सीलं आणली. जुनी बेअरिंगं पुलरनं काढून घेतली. त्यांच्याखालचे शिम कुठून निघाले ते लिहून वेगवेगळ्या डब्यांत ठेवले. ते मिसळले की पुढचा अख्खा दिवस जातो.

स्पायडर गिअर, त्यांची पिन आणि खालचे वॉशर तपासले. वॉशर थोडे झिजलेले, तेही नवे.

२४ नोव्हेंबर

सेटिंगचा दिवस. या कामात घाई केलेली गाडी रस्त्यावर लांबूनच ऐकू येते.

माझ्याच हाऊसिंगमध्ये नवा सेट बसवायचा, म्हणून सुरुवात जुन्या पिनियनच्या शिमपासून. पिनियनच्या तोंडावर अधिक किंवा उणे असा आकडा कोरलेला असतो, इंचाच्या हजाराव्या भागात, म्हणजे थाऊमध्ये. जुन्यावर उणे १ होता, नव्यावर अधिक २. अधिक म्हणजे हा पिनियन क्राउनच्या मध्यापासून तेवढा लांब बसायला हवा. फरक ३ थाऊ, म्हणून तेवढा शिम कमी करून बांधला.

मग दातांवर शेंदूर. तेलात कालवून ब्रशनं पाच-सहा दातांना दोन्ही बाजूंनी लावला, क्राउनला लाकडानं अटकाव देत पिनियन फिरवला. (हा शेंदूर शिशाचा असतो. हात धुतल्याशिवाय चहा नाही, मिस्त्रींचा नियम.) ठसा दाताच्या मुळाकडे आला, म्हणजे पिनियन अजून आत जातोय. आणखी २ थाऊ शिम काढला. ठसा मधोमध आला, आतल्या टोकाकडे किंचित झुकलेला. वजन पडल्यावर तो बाहेरच्या टोकाकडे सरकतो, म्हणून हे बरोबर.

पुढच्या डिफरन्शियलमध्ये एक गोष्ट बघायचीच. या रचनेत मागच्यासारख्याच घडणीचा, मापानं वेगळा संच तोंड फिरवून बसवलेला असतो. त्यामुळे गाडी पुढे जाताना भार दाताच्या दुसऱ्या बाजूवर पडतो, जी मागच्या ॲक्सलमध्ये फक्त गाडी उतारावर रोखताना लागते. ती बाजू मुळात थोडी कमजोर. म्हणून तिथला ठसा मी जास्त काळजीनं पाहिला. वेल्ड न करण्याला हेही एक कारण आहे, ते तेव्हा गप्पांत सुचलं नव्हतं.

पिनियन बाहेर आला की दातांतली मोकळीक वाढते. मोजायचा डायल लावला तर ९ थाऊ. या ॲक्सलला ५ ते ७ हवी. कॅरिअरच्या एका बाजूचा शिम काढून दुसऱ्या बाजूला घातला, म्हणजे क्राउन पिनियनकडे सरकतो आणि बेअरिंगवरचा एकूण दाब तेवढाच राहतो. ६ वर आली. क्राउनवर चार ठिकाणी मोजली, फरक १ थाऊच्या आत.

कॅरिअर हाऊसिंगमध्ये घट्ट बसतो. बसवण्यासाठी हाऊसिंग किंचित फाकवावं लागतं. मर्यादा २० थाऊची, त्यापुढे ते परत मिटत नाही. पहारीनं ओढणारे खूप आहेत. आम्ही बोल्टचा स्प्रेडर करून घेतला आणि डायल लावूनच फाकवलं.

८ डिसेंबर

ॲक्सल गाडीखाली. शाफ्टची आतली सीलं नवी घातली, कारण ती गळली की डिफरन्शियलचं तेल नकलच्या (चाक वळवणाऱ्या सांध्याच्या) गोळ्यात उतरतं, तिथलं ग्रीस पातळ करतं आणि ते चाकापर्यंत येतं. नकल ज्यावर वळतो त्या किंगपिनच्या बेअरिंगचे शिम स्प्रिंग काट्यानं ओढून जुळवले. क्रॉस दोन्ही बाजूंचे नवे.

तेल ८०डब्ल्यू-९०, जीएल-५, सव्वा लिटरच्या आसपास. तेच तेल गिअरबॉक्समध्ये ओतण्याचा मोह टाळला. सिंक्रोच्या पितळी रिंगा जीएल-५ च्या रसायनांना सगळ्याच टिकत नाहीत. ब्रीदरची (ॲक्सलमधली हवा आत-बाहेर जायची) नळी वर इंजिनच्या भिंतीपर्यंत नेली. गरम ॲक्सल ओढ्याच्या पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि जिथून मिळेल तिथून पाणी ओढते.

बांधल्यावर परत खडूची परीक्षा. पुढे-मागे दोन्हीकडे पाचाला एक अष्टमांश कमी.

२२ डिसेंबर

आधी रस्त्यावर हब लॉक करून, पण टू-व्हील ड्राइव्हमध्ये, पंधरा-वीस मिनिटं चालवायची आणि थंड होऊ द्यायची, असं दोन-तीनदा. हाऊसिंगला हात ठेवता येत होता. ५० च्या आसपास बारीक गुणगुण आहे, भार सोडला तरी बदलत नाही. बहुधा टायरची.

मग शेतात. ओल्या उतारावर फोर बाय फोर, लो, दुसरा गिअर. 'जड' हा प्रकार संपला. लिव्हरही सहज निघाली, आधी ती ताणानं अडकून बसायची असं मालक म्हणाला होता.

ओढ्याच्या काठावर पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकदम हवेत गेलं आणि गाडी थांबली. ओपन डिफरन्शियलची हीच हद्द. ब्रेक अर्धवट दाबून थोडा ॲक्सिलरेटर दिला, पुढची बाजू एक वीत सरकली, पण मागची नाही. शेवटी मागच्या चाकाखाली दगड भरले. मागे लॉकर असता तर दगड लागले नसते. पुढे लॉकर असता तरी मागच्या चाकाचं भागलं असतं असं मला वाटत नाही, आणि तिथे स्टिअरिंग पूर्ण वळलेलं होतं.

१९ जानेवारी २०२५

तेल बदललं. चुंबकावर करडा लगदा आहे, चुरा किंवा चकत्या नाहीत. नव्या बेअरिंगांचं एवढं निघतंच. मोकळीक परत मोजली, ६ थाऊच. गुणगुण टायर पुढचे-मागे केल्यावर मागे गेली, म्हणजे टायरच.

डाव्या नकलच्या फेल्टच्या सीलमधून थोडं ग्रीस बाहेर येतंय, गोळ्यावर गंजाचा खड्डा आहे तिथून. फेल्ट बदलून उपयोग नाही, गोळा घासून भरावा लागेल. ते पावसाळ्याआधी.

काढलेला ४३/८ चा सेट जुळलेल्या नंबरांसकट ग्रीस लावून ठेवला होता. गारगोटीकडच्या एकाच्या जीपला मागे ४३ दात आहेत आणि पुढचा पिनियन तुटलाय. परवा येऊन स्वतः दात मोजून घेऊन जाणार आहे.